वासोट्याला आमच्यासोबत येताना

वासोटा किल्ल्याच्या पायथ्याला गाडी पोहोचत नाही. साताऱ्याहून कास पठारावरून बामणोलीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा घाटरस्ता आणि तिथून पुढे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून साधारण दीड तासाची बोट. म्हणून आम्ही साताऱ्यातून पहाटे साडेपाचला निघतो. कृपया वेळ पाळा. एकाला उशीर झाला की सगळ्यांचाच गडावरचा वेळ कमी होतो, कारण जंगलात मुक्कामाला परवानगी नाही आणि संध्याकाळच्या आत बोटीने बाहेर पडावंच लागतं.

हा डोंगर कोयना अभयारण्यात येतो. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि वासोट्याचं दुसरं नाव व्याघ्रगड. वन विभागाचा परवाना बामणोलीत आम्हीच काढतो. तुम्ही फक्त ओळखपत्राची एक झेरॉक्स आणा. पलीकडच्या काठावर मेट इंदवलीला पिशव्या तपासतात आणि प्लास्टिकच्या वस्तू मोजून अनामत रक्कम घेतात. परतताना मोजणी जुळली की पैसे परत. या नियमाचा कुणी कंटाळा करू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. शक्य असेल तर स्टीलची बाटली घ्या आणि डबा घरचा आणा. गडाच्या वाटेवर विकत काही मिळत नाही.

बोटीत लाइफ जॅकेट शेवटपर्यंत अंगावर राहू द्या. पाणी शांत दिसलं तरी जलाशय खोल आहे, पोहायला उतरू नका. ज्या पाण्यावरून आपण जातो त्याखाली कोयना धरणात बुडालेली गावं आहेत. मेट इंदवली हे गावही आज ओस आहे. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की बोट अलीकडेच थांबते आणि थोडी जास्त चाल पडते.

चढ दोन ते तीन तासांचा. सुरुवातीला मारुती-गणपतीच्या मूर्ती, मग ओढा, मग दाट झाडी. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत गव्याच्या खुरांचे ठसे पुष्कळदा दिसतात: दोन फाकांचे, हाताच्या पंजाएवढे. ठसा ताजा असेल तर आमचा वाटाड्या हात वर करतो. तेव्हा सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, बोलायचं नाही. अस्वलाचं भय खरं आहे, म्हणून कुणी एकटं पुढे पळू नये की मागे रेंगाळू नये. वर फांद्यांत शेकरू दिसलं तर जरूर थांबू, तेवढा वेळ आम्ही धरलेला असतो.

अत्तर, डिओ लावू नका. विडी-सिगारेट अजिबात नको. कपारींत आग्या मोहोळं असतात. पावसाळा सरता सरता आलात तर जळवा लागतात, लांब मोजे घाला.

माथ्यावर छप्पर नसलेलं मारुतीचं देऊळ, पाण्याचं टाकं, महादेवाचं मंदिर आणि मग बाबूकडा. नालाच्या आकाराचा हा कडा पाहताना धारेपासून चार पावलं मागेच राहा. वाळलं गवत बुटाखाली घसरतं. पोटावर झोपून डोकावायची हौसही नको.

नागेश्वरची गुहा आणि वासोटा एकाच दिवशी करायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. ती चाल बरीच मोठी आहे आणि मुलं किंवा गुडघेदुखी असलेली माणसं गटात असतील तर आम्ही नेत नाही.

मोबाइलला रेंज मिळेल असं धरून चालू नका. घरी बामणोलीतूनच फोन करून ठेवा.