स्मृतिभ्रंश : आजार, सांभाळ आणि जनजागृती

मेंदूतील पेशींचा ऱ्हास झाल्याने किंवा त्यांना इजा पोचल्याने स्मरण, भाषा, दिशांचे भान, निर्णयशक्ती आणि वागणूक यांत घट होत जाते आणि माणसाला रोजचे व्यवहार स्वतःचे स्वतः करता येईनासे होतात. या अवस्थेला स्मृतिभ्रंश म्हणतात. दवाखान्यात आणि आता घरोघरीही ‘डिमेन्शिया’ हाच शब्द चालतो. हा एकच एक रोग नव्हे; अनेक रोगांमुळे दिसणारा हा लक्षणसमूह आहे. त्यात ६० ते ७० टक्के वाटा अल्झायमरचा. मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याने होणारा प्रकार त्याच्या खालोखाल येतो. मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचल्याने होणारा लेवी बॉडी आणि आधी स्वभाव किंवा भाषा बिघडवणारा फ्रंटोटेम्पोरल हे त्याहून कमी आढळणारे प्रकार होत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात ५ कोटी ७० लाख लोक या अवस्थेत होते. भारताबद्दल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठी ओलांडलेल्यांमधील प्रमाण ७.४ टक्के निघाले, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त आढळले. हा शहरातल्या शिकलेल्या लोकांचा आजार आहे, हा आपल्याकडचा समज त्यामुळे सोडून द्यावा लागतो.

नावाचा प्रश्न

मराठी घरांत या आजाराला जुनी नावे आहेत : म्हातारचळ, चळ लागणे, भ्रमिष्ट होणे. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर निदान करूनच टाकते. म्हातारपणी असे व्हायचेच, हे एकदा धरून चालले की डॉक्टरकडे जायचे कारणच उरत नाही. सुरुवातीची जी दोन-तीन वर्षे उपयोगी पडली असती, ती ‘मुद्दाम करतात’, ‘सोंग आहे’ या भांडणांत जातात. प्रस्तुत लेखकाच्या मते जनजागृतीचे पहिले काम हे शब्द बदलण्याचेच आहे.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्दही अगदी निर्दोष नाही. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह, त्यातून स्मृतिविभ्रम आणि स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश अशी साखळी सांगितली आहे. तिथे तो मनुष्याच्या आचरणाविषयीचा शब्द आहे. आजाराशी त्याचा संबंध नाही. आजारी माणसाने कसलाही अपराध केलेला नसतो, हे मात्र घरच्यांना पुन्हापुन्हा सांगावे लागते. शिवाय या नावामुळे सारे लक्ष आठवणींकडे जाते आणि स्वभावातला बदल, संशय, भास ही लक्षणे नजरेतून सुटतात.

जपानने हा प्रश्न सरकारी पातळीवर सोडवला. तिथला जुना शब्द ‘चिहो’ मूर्खपणाची छटा असलेला होता. २००४ मध्ये आरोग्य मंत्रालयाने तो रद्द करून ‘निन्चिशो’ हा आकलनाच्या विकाराचा अर्थ देणारा शब्द आणला. पुढच्याच वर्षी सामान्य नागरिकांना थोडक्या वेळाचे प्रशिक्षण देऊन मदतनीस करण्याची मोहीम सुरू झाली. त्यांची खूण म्हणजे मनगटावरचे नारिंगी कडे. मदतनिसांची संख्या पुढे एक कोटीच्या वर गेली.

ओळख आणि निदान

आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरने १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात जिची नोंद ठेवली, ती रुग्ण स्त्री अवघी ५१ वर्षांची होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदूत सापडलेले बदल त्याने १९०६ मध्ये मांडले आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन या मनोविकारतज्ज्ञाने आजाराला त्याचे नाव दिले. म्हणजे मुळात ही कथा म्हातारपणाची नव्हतीच.

आमटीत मीठ घातले की नाही, हे कुणालाही आठवेनासे होते. पण चाळीस वर्षे पुरण शिजवणारी बाई डाळ शिजल्यावर पुढे काय करायचे ते न सुचून पातेल्यासमोर नुसती उभी राहते, तेव्हा तपासणी हवी. नेहमीच्या गल्लीत वाट चुकणे, सुट्ट्या पैशांचा हिशेब न जमणे, स्वतःच कुठेतरी ठेवलेल्या बांगड्यांसाठी कामाच्या बाईवर आळ घेणे, ही लक्षणेही नेहमीची आहेत.

चाचणीत तारीख विचारतात. घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगतात. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसावर यात अन्याय होतो. म्हणून हरियाणातील बल्लभगढ भागात १९९० च्या दशकात निरक्षर ग्रामस्थांना झेपेल अशी हिंदी चाचणी बेतण्यात आली. आपल्याकडच्या खेड्यातल्या आजींना इंग्रजी तारीख आधीही ठाऊक नसते; एकादशी झाली का, बाजार कोणत्या वारी भरतो, हे विचारले तर खरी स्थिती कळते.

बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य, डोक्याला मार लागून साचलेले रक्त यांमुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि त्यांवर इलाज आहे. शाकाहारी घरांत बी-१२ ची तपासणी तर आधी करावी. अल्झायमर बरा होत नाही. डोनेपेझिल, मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे आटोक्यात ठेवतात.

सांभाळ

सर्वांत कठीण वेळ तिन्हीसांजेची. दिवे लागले की आजी लुगड्याचे गाठोडे बांधून दाराशी येतात : ‘मला घरी जायचंय.’ ज्या घरात पन्नास वर्षे संसार केला, त्याच घरात उभ्या राहून. ‘अहो, हेच तुमचं घर’ असे समजावले की त्या चिडतात, रडतात. अनुभवी सून वाद घालत नाही. ‘चहा घेऊन निघू या’ म्हणते, माहेरच्या विहिरीबद्दल विचारते, अंगणात एक फेरी मारून आणते. गाठोडे हळूच सुटते. ‘घर’ म्हणजे त्या वेळी जागा नसते, ती ओळखीची, सुरक्षित वाटण्याची ओढ असते.

नुकतेच घडलेले आधी पुसले जाते आणि लहानपणी पाठ झालेले उशिरापर्यंत टिकते. मुलाचे नाव न सुचणारी माणसे हरिपाठाचे अभंग, आरत्या, जात्यावरच्या ओव्या बरोबर म्हणतात. भाषेचेही तसेच असते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी वृद्धांची इंग्रजी मागे पडून मराठी उरते आणि तिथल्या काळजीवाहकांना ते काय मागतात हे कळेनासे होते. हैदराबादच्या ६४८ रुग्णांवरील २०१३ च्या अभ्यासात एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झालेली दिसली; निरक्षरांतही हा फरक आढळला.

कागदपत्रांची बाजू घरे फार उशिरा बघतात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायची वेळ येते तेव्हा बँकेत सही जुळत नाही. आधी करून ठेवलेले मुखत्यारपत्र पुरेल असे वाटते, पण १८७२ च्या करार कायद्यानुसार करून देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की ते संपते. मग न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याची वेळ येते. म्हणून निदान झाल्याबरोबर, माणसाला स्वतःचे मत सांगता येते तोवर, संयुक्त खाते आणि मृत्युपत्र उरकावे. उपचारांबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवण्याची सोय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

जनजागृती

२१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन १९९४ पासून पाळला जातो. भारतात या कामासाठीची राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये केरळात सुरू झाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात कमी ऐकू येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा यांसह १४ धोके मोजले आहेत. ते सगळे टाळता आले तर सुमारे ४५ टक्के प्रकरणे रोखता किंवा लांबवता येतील, असा त्यात अंदाज आहे. साध्या श्रवणयंत्राची लाज वाटणाऱ्या आपल्या समाजात ही माहिती विरंगुळा केंद्रापर्यंत पोचणे गरजेचे आहे.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ आणि आशा ताई ही तयार वाट आहे. वाट चुकलेल्या माणसाला आधी भेटतो तो मात्र डॉक्टर नसतो. रिक्षावाला, वाणी, मंदिराबाहेरची फुलवाली भेटते. सदऱ्याच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी शिवून ठेवावी आणि ती तिथे आहे, हे या लोकांना आधीच सांगून ठेवावे.