तर्क

तर्क म्हणजे कारणे तपासत केलेला विचार. एखादी गोष्ट मानली किंवा नाकारली, तर पुढे काय पदरात घ्यावे लागेल, हे पाहण्याची ही रीत. शब्द आला तो संस्कृत ‘तर्क्’ (अंदाज करणे, ऊहापोह करणे) या धातूवरून. सूत कातायच्या चातीलाही संस्कृतात ‘तर्कु’ म्हणतात. पिळणे, फिरवणे या अर्थाशी दोन्हींचे नाते भाषाशास्त्रज्ञ जोडतात.

न्यायसूत्रांतील, म्हणजे न्यायदर्शनाच्या मूळ ग्रंथातील, सोळा पदार्थांत (विचाराच्या विषयांत) तर्क आठवा. तेथे तो ‘ऊह’ (अंदाजाने केलेला विचार) आहे, प्रमाण (ज्ञानाचे साधन) नव्हे, आणि हा भेद पक्का ध्यानात ठेवायला हवा. ज्ञान मिळते ते प्रत्यक्ष, अनुमान अशा प्रमाणांनी; तर्क त्यांच्या वाटेतली शंका दूर करतो. काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरावर धूर दिसला, की तेथे काजूच्या दारूची भट्टी पेटली आहे हे झाले अनुमान. ‘धूर असेल, पण विस्तव कशावरून?’ असे कोणी विचारले, तर ‘विस्तव नसता तर धूरही नसता; धूर तर समोर दिसतो आहे’ हा तर्क. इथे नसलेली गोष्ट क्षणभर खरी धरावी लागते. म्हणूनच अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ या न्यायाच्या प्रवेशग्रंथात संशय आणि विपर्यय (चुकीचे ज्ञान) यांच्या पंक्तीला तर्कही अयथार्थ, म्हणजे वस्तुस्थितीशी न जुळणाऱ्या, अनुभवात बसवला.

मराठीत ‘तर्क बांधणे’ म्हणजे अंदाज करणे. हा अर्थाचा ऱ्हास मुळीच नाही, मूळच्या ‘ऊहा’ला तो धरूनच आहे. तर्कसंगत, अतर्क्य, कुतर्क हे शब्द रोजच्या वापरातले. गोव्यात चवथीला घरोघर पुजल्या जाणाऱ्या गणपतीच्या हातातला परशू ज्ञानेश्वरांनी तर्कालाच दिला: ‘तर्कु तोचि फरशु’.

वादाची परंपरा गोव्यात दोन अंगांनी आली. 1556 मध्ये जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात भारतातला पहिला छापखाना सुरू झाला, तेव्हा आरंभीच छापली गेली ती जाहीर वादसभेत मांडायची तत्त्वज्ञानातील विधाने. दुसरे अंग मठांचे. कवळे मठ अद्वैती (जीव आणि ब्रह्म एकच मानणारा), पर्तगाळ मठ द्वैती (दोन्ही वेगळे मानणारा). या दोन वेदान्तांचा तर्कयुद्धातला कस पाहायचा, तर द्वैती व्यासतीर्थांचे ‘न्यायामृत’ आणि त्यातले आक्षेप एकेक घेऊन खोडणारी अद्वैती मधुसूदन सरस्वतींची ‘अद्वैतसिद्धी’ शेजारी ठेवून वाचावीत.