स्टेंटचे सीटी प्रतिमांकन

हृदयाच्या धमनीत बसवलेला स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळीदार नळी) उघडा आहे की आतून पुन्हा अरुंद झाला आहे, हे धमनीत नळी न घालता पाहण्यासाठी सीटी अँजिओग्राफी (क्ष-किरणांनी धमन्यांचे त्रिमितीय चित्रण) करतात. स्टेंट तिच्यात लगेच दिसतो. दिसत नाही ती त्याच्या आतली पोकळी. प्रतिमेचा दर्जा सुधारण्याचा सगळा खटाटोप या पोकळीसाठी असतो.

अडचण मुळात मापांची आहे. करोनरी स्टेंटचा व्यास बहुधा २.५ ते ४ मिमी. असतो आणि त्याच्या जाळीच्या धातूची जाडी नव्या बनावटीत ०.१ मिमी.हूनही कमी. नेहमीच्या सीटी यंत्राला मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचेच बारकावे टिपता येतात. म्हणजे धातूची काडी प्रतिमेच्या एका घनकणाच्या (प्रतिमेतील सर्वांत लहान घटकाच्या) रुंदीचा जेमतेम पाचवा-सहावा हिस्सा व्यापते, पण तिच्या तेजाने तो अख्खा कण पांढरा होतो. परिणामी भिंत फुगते आणि पोकळी आक्रसते. यालाच ‘ब्लूमिंग’ म्हणतात. त्यात धातू क्ष-किरणांतील कमी ऊर्जेचे किरण जास्त शोषतो, त्यामुळे शेजारी काळे डाग उमटतात. नेमके हेच डाग पुन्हा साचलेल्या ऊतीसारखे भासतात. टँटलमचे जुने स्टेंट या बाबतीत सर्वांत त्रासदायक. कोबाल्ट-क्रोमियमचे पातळ स्टेंट त्या मानाने बरे. स्टेंटवर स्टेंट चढवलेला असेल किंवा धमनीच्या फाट्यावर दोन बसवले असतील, तर धातू वाढतो आणि काम बिकट होते.

तयारी टेबलावर झोपवण्यापूर्वीच सुरू होते. बीटा-ब्लॉकर हे हृदयाची गती कमी करणारे औषध देऊन नाडी मिनिटाला ६०च्या आसपास आणतात, कारण हललेली प्रतिमा नंतर कोणत्याही गणिताने पुरती सावरत नाही. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिल्याने धमन्या रुंदावतात. स्टेंटचा व्यास अर्थातच तेवढाच राहतो. किरणांची मात्रा वाचवण्यासाठी एरवी क्ष-किरण ट्यूबचे व्होल्टेज कमी ठेवतात, स्टेंट असताना ते बऱ्याचदा थोडे चढे ठेवावे लागते.

खरा फरक पडतो तो पुनर्रचनेत, म्हणजे टिपलेल्या संकेतांवरून गणिताने प्रतिमा घडवण्यात. मऊ कर्नल (प्रतिमेची तीक्ष्णता ठरवणारी गणिती गाळणी) वापरला तर प्रतिमा गुळगुळीत येते, पण स्टेंटची भिंत जाड दिसते. तीक्ष्ण कर्नलने भिंत पातळ होते, मात्र खरखर (प्रतिमेतला दाणेदारपणा) वाढते. ती पुनरावृत्ती पद्धतीच्या, म्हणजे प्रतिमा गणिताने पुन्हा पुन्हा सुधारत नेणाऱ्या, पुनर्रचनेने आवरतात. तीक्ष्णता अती झाली तर भिंतीलगत नसलेला काळपटपणा निर्माण होतो. म्हणून एकाच स्कॅनमधून दोन संच काढणे शहाणपणाचे: स्टेंटसाठी तीक्ष्ण, उरलेल्या धमनीसाठी मऊ. पडद्यावरची विंडो (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांत दाखवलेला घनतेचा पल्ला) रुंद करणे हा उपाय तर फुकटचा, तरी तो विसरला जातो. १५०० हौन्सफिल्ड एककांच्या (सीटीतील घनतेच्या मापाच्या) आसपास रुंदी ठेवली की तीच पोकळी मोकळी दिसू लागते.

क्ष-किरणांचे फोटॉन (ऊर्जाकण) एकेक करून मोजणाऱ्या डिटेक्टरने अडचणीच्या मुळालाच हात घातला. कॅडमियम टेल्युराइडचा हा स्फटिक क्ष-किरणाचे आधी प्रकाशात रूपांतर न करता थेट विद्युत्-संकेत देतो. त्यामुळे डिटेक्टरच्या घटकांमधले प्रकाश अडवणारे पडदे लागत नाहीत, घटक लहान करता येतात आणि ०.२ मिमी. जाडीचे काप मिळतात. सीमेन्सच्या अशा यंत्राला अमेरिकेत सप्टेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. किंमत पाहता बहुतेक रुग्णालयांचे काम अजून जुन्याच यंत्रांवर चालते. तेथे ३ मिमी. किंवा त्याहून रुंद स्टेंटचा अहवाल बराचसा भरवशाचा असतो. त्याहून अरुंद स्टेंटबाबत बऱ्याचदा ‘निदान शक्य नाही’ असे लिहावे लागते, आणि तसे लिहिण्यात कमीपणा नाही. स्टेंटपुढच्या धमनीत कॉन्ट्रास्ट (रक्त प्रतिमेत उठून दिसावे म्हणून टोचलेला द्रव) पोचला म्हणजे स्टेंट उघडाच, असे मात्र मानू नये. ते रक्त पर्यायी वाटांनी उलट दिशेनेही आलेले असू शकते.