गणितवाला एकलकोंडाच असतो?

‘गणितात एम.एस्सी. म्हणजे पोरगं खोलीत कोंडून आकडेमोड करणार,’ हे कोल्हापूरच्या राजारामपुरीत वर्षानुवर्षं ऐकतोय. आकडेमोड? टोपॉलॉजीच्या, म्हणजे आकारांच्या गणिताच्या, वहीत आकडे शोधावे लागतात. हॉटेलचं बिल वाटून घ्यायला आम्हीही मोबाईलच काढतो.

रात्री एकट्यानं कागद काळे करावे लागतात, हे खरं. पण सिद्धता अडली की आधी कुणाला तरी गाठायचं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात चहा गार होईस्तोवर एका एप्सिलॉनवरून (अगदी छोट्या संख्येचं चिन्ह) भांडण चालतं आणि समजावताना आपलीच चूक सापडते. हंगेरीच्या पॉल एर्डोश या गणितज्ञाचे सुमारे १५०० शोधनिबंध आहेत, सहलेखक ५०० हून अधिक!

परवा रंकाळ्यावर मित्रानं भेळेच्या कागदावरच माझं विधान खोटं ठरवणारं प्रतिउदाहरण लिहिलं. माझं आठवड्याचं काम पाण्यात. भेळेचे पैसे मात्र त्यानंच दिले.