प्लॅस्टिक-मिश्रणांचा चिवटपणा

बहुतेक बहुवारिके (पॉलिमर), म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे पदार्थ, एकमेकांत विरघळत नाहीत. त्यामुळे दोन बहुवारिकांच्या मिश्रणात एकाचे सूक्ष्म कण दुसऱ्याच्या अखंड आधारद्रव्यात विखुरलेले राहतात. अशा मिश्रणाचा चिवटपणा, म्हणजे तुटण्यापूर्वी ऊर्जा शोषून घेण्याची क्षमता, घटकांच्या प्रमाणाइतकाच या कणांचा आकार, त्यांच्यातील अंतर आणि आधारद्रव्याशी असलेली त्यांची पकड यांवर ठरतो.

पॉलिस्टायरीन स्वभावतः ठिसूळ आहे. पॉलिब्युटाडाइन रबर स्टायरीनमध्ये विरघळवून, ढवळत राहून बहुवारिकीकरण केले, म्हणजे स्टायरीनचे रेणू साखळीत जोडले, की प्रत्येक रबरकणात पॉलिस्टायरीनचे बारीक गोळे अडकतात आणि वजनाने दहा टक्क्यांहून कमी असलेले रबर त्याहून बरेच मोठे आकारमान व्यापते. भार पडताच या कणांच्या कडेला क्रेझ, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंनी सांधलेल्या भेगा, मोठ्या संख्येने उमटतात. त्यांची वाढ पुढचा कण रोखतो आणि ऊर्जा एकाच तड्यात न जाता असंख्य ठिकाणी खर्च होते. अशी पट्टी वाकवली असता घडीवर उमटणारा पांढरा पट्टा म्हणजे प्रकाश विखुरणाऱ्या या क्रेझच होत. पॉलिस्टायरीनमध्ये साधारण एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) फार लहान कण हे काम नीट करू शकत नाहीत.

नायलॉनचा प्रकार वेगळा आहे. खोबणी नसेल तर ते सहज तुटत नाही, पण खोबणीपाशी ताण एकवटला की ठिसूळपणे फुटते. ड्युपाँट या रसायन कंपनीतील सौहेंग वू यांनी 1985 मध्ये दाखवले, की नायलॉन 66 मध्ये शेजारच्या रबरकणांमधील अंतर सुमारे 0.3 मायक्रॉनखाली गेले, की मिश्रण एकदम चिवट होते. या विषयातला हा सर्वांत उपयोगी निष्कर्ष म्हणता येईल, कारण रबराचे प्रमाण न वाढवता केवळ कण बारीक करूनही ही मर्यादा ओलांडता येते. आघाताच्या वेळी कणांत पोकळ्या पडतात, त्यांच्यामधल्या नायलॉनवरील सर्व बाजूंचा ताण सैल होतो आणि ते फुटण्याऐवजी ताणले जाते. कण फारच बारीक असले, तर मात्र पोकळी पडणेच अवघड होते.

साधे रबर नायलॉनमध्ये जाडसर कणांत राहते. रबराच्या साखळीवर मॅलिक अ‍ॅनहायड्राइड हे क्रियाशील संयुग कलम केले (जोडले), तर एक्स्ट्रूडरमध्येच, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातच, ते नायलॉनच्या साखळीच्या अमाइन (नायट्रोजनयुक्त गटाच्या) टोकांशी संयोग पावते, सीमापृष्ठावरील ताण घटतो आणि कण पुन्हा एकत्र येत नाहीत. तरीही साच्यात भरताना पृष्ठभागालगतचे कण प्रवाहाच्या दिशेने लांबट होतात. म्हणून एकाच वस्तूचा चिवटपणा दोन दिशांना वेगळा मिळू शकतो.