ठाण्याची खाडी आणि मुंबईची सत्ता

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह एका जुन्या किल्ल्यात आहे. हा किल्ला नेमका इथेच का बांधला, हे कळल्याशिवाय मुंबईचा इतिहास अर्धाच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

साष्टी, म्हणजे आज मुंबईची उपनगरं आणि ठाणे जिथे आहेत तो भाग, हे मूळचं बेट. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची. घाट उतरून आलेला माल कल्याण बंदरात गलबतांवर चढायचा आणि उल्हास नदीच्या पाण्याने खाली यायचा. कल्याणचं मोल ओळखूनच शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते घेतलं आणि तिथल्या खाडीत आरमाराची उभारणी सुरू केली. साष्टी आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी ठाण्यापाशी अरुंद होतं. तिथे ज्याची चौकी, त्याच्या हाती जकात आणि सैन्याची वाट.

या चिंचोळ्या पाण्यावर युरोपातलं राजकारण येऊन आदळलं. १६४० मध्ये स्पेनपासून फुटून निघालेल्या पोर्तुगालला स्पेन आणि डच या दोघांविरुद्ध इंग्लंडचा आधार हवा होता. म्हणून १६६१ च्या विवाह करारात राजकन्या कॅथरीनसोबत मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला देण्यात आली. प्रत्यक्ष ताबा द्यायची वेळ आली तेव्हा, १६६५ मध्ये, पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी हात आखडता घेतला. साष्टी त्यांनी सोडलीच नाही. इंग्रजांना उत्तम बंदर मिळालं, पण आत जायची वाट परक्यांकडे राहिली. पोर्तुगीज ठाण्याला मुंबईच्या मालावर जकात घेत. मुंबईत पुरेसं धान्य पिकत नव्हतं, भातशेती होती ती साष्टीत. ही कोंडी इंग्रज शंभर वर्षं विसरले नाहीत.

मराठ्यांनाही ती दिसत होती. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेची सुरुवात वसईवर नव्हे, ठाण्यावर झाली. १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला अजून अपुरा होता, तेव्हाच मराठ्यांनी तो घेतला. पुढच्या वर्षी पोर्तुगीजांनी तो परत मिळवायचा प्रयत्न केला आणि तो फसला. मे १७३९ मध्ये वसई पडली. आपण वसईचा विजय अभिमानाने सांगतो, पण ठाणे आधी हाती आलं नसतं तर वसईचा वेढा टिकणं फार कठीण गेलं असतं.

त्यानंतर साष्टीसाठी इंग्रजांची नजर पुण्याकडे लागली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर पुण्यात फूट पडली, आणि गोव्याहून पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला निघाल्याच्या बातम्या आल्या. डिसेंबर १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात रघुनाथरावांनी मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊन टाकली. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटलं. १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रज फौजेला कोंडून साष्टी परत द्यायचं कबूल करून घेतलं, पण ईस्ट इंडिया कंपनीने तो करार मानला नाही. १७८२ च्या सालबाईच्या तहात कंपनीने वसई परत केली, साष्टी मात्र ठेवली. काय सोडायचं आणि काय धरून ठेवायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

१६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यापर्यंतच. पुढच्याच वर्षी पुलावरून खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. गलबतांचा तोच जुना मार्ग, आता लोखंडाचा.

विसाव्या शतकात भार खाडीच्या दुसऱ्या काठावर सरकला. मुंबईच्या गोद्या अपुऱ्या पडू लागल्या. १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं, १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. आज तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले झाले की त्याची झळ इथल्या कंटेनरच्या भाड्याला लागते. पण ज्यांच्या मिठागरांवर आणि भातखाचरांवर हे सगळं उभं राहिलं, त्या आगरी-कोळी गावांना हक्कासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा जीव गेला. प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना त्याच लढ्यातून आली.