मामाच्या दुकानातला लॉक आणि जीपीएलची गोष्ट

अमळनेरला मामाचं डीटीपीचं दुकान होतं, लग्नपत्रिका, उत्तरकार्याची कार्डं, बिलबुकं असली कामं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरच्या मागे लावलेल्या अंगठ्याएवढ्या लॉकवर चालायचं, लॉक लावला तरच अक्षरं दिसणार. एका उन्हाळ्यात तो लॉक गेला. कंपनीला फोन केला तर म्हणे जुना लॉक आता मिळत नाही, नवीन व्हर्जन घ्या, आणि नवीन व्हर्जनमध्ये जुन्या फायली नीट उघडेचनात. बारा वर्षांचं काम होतं त्यात, आणि माझ्या आईने एका दिवाळीत माहेरी बसून टाईप केलेली अहिराणी हळदीची गाणी पण, जी म्हणणारी आजी तोवर गेली होती. फाईल उघडली की समोर नुसता चौकोनांचा आणि इंग्रजी अक्षरांचा काला. आपलंच लिहिलेलं आपल्यालाच वाचता येईना, हे मला अजून पचलेलं नाही.

म्हणून रिचर्ड स्टॉलमनच्या प्रिंटरची गोष्ट वाचली तेव्हा लगेच मनाला भिडली. १९८० च्या आसपास तो अमेरिकेत एमआयटीच्या एआय लॅबमध्ये प्रोग्रामर होता. जुन्या प्रिंटरचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा वाचता-बदलता येणारा मूळ मजकूर, हातात होता तेव्हा त्याने कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल अशी सोय करून ठेवली होती, मग झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला तो बिनकोडाचा. कार्नेगी मेलनमधल्या एका माणसाकडे कोड होता, स्टॉलमन तिथे गेला, मागितला, आणि तो नाही म्हणाला, कारण कोड कोणाला देणार नाही असं त्याने कंपनीला लिहून दिलं होतं.

आधी असं नव्हतं बरं का. सॉफ्टवेअर मशीनसोबतच यायचं आणि कोड एकमेकांत फिरायचा. १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत वेगळी लावायचं जाहीर केलं, १९७६ मध्ये बिल गेट्सने हौशी लोकांना उघड पत्र लिहून कॉपी करणं म्हणजे चोरी असं ठणकावलं, आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या कायद्यात सॉफ्टवेअरला कॉपीराइट लागू असल्याचं स्पष्ट झालं. म्हणजे जे काल शेजारधर्मात बसत होतं ते दहा-बारा वर्षांत गुन्ह्यात बसायला लागलं.

स्टॉलमनने २७ सप्टेंबर १९८३ ला ग्नू (GNU), म्हणजे पूर्ण मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम लिहायचा प्रकल्प जाहीर केला, १९८४ च्या जानेवारीत नोकरी सोडली आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन काढलं. इंग्रजीत फ्री म्हणजे फुकट पण आणि मुक्त पण, त्यामुळे त्याला आयुष्यभर खुलासे करत बसावं लागलं, आपल्याकडे दोन शब्द आहेत ते बरंय. हे मुक्त आहे, विकलं तरी चालतं. वापरायची, आत बघून बदलायची, वाटायची आणि बदललेलं वाटायची अशी चार स्वातंत्र्यं पाहिजेत एवढंच.

पण नुसतं वाटून भागत नाही हे त्याला ईमॅक्स या मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये कळलं. जेम्स गॉस्लिंगने स्वतःचा ईमॅक्स लिहिला होता, तो लोकांत फिरत होता, त्यातला काही कोड स्टॉलमनने घेतला, आणि नंतर गॉस्लिंगने हक्क एका कंपनीला विकले. झालं, स्टॉलमनला तो कोड काढून पुन्हा लिहावा लागला. इथून लायसन्सची खरी गोष्ट सुरू होते.

आमच्या चोपड्याकडे केळीचे कंद पूर्वी शेजाऱ्याच्या बागेतून यायचे. समजा एक आबा कंद देताना म्हणाले, ने भो, पण उद्या तुझ्या बागेतून कोणी कंद मागितले तर नाही म्हणायचं नाही, तर ते झालं जीपीएल, म्हणजे स्टॉलमनचं जनरल पब्लिक लायसन्स. दुसरे आबा म्हणाले, ने आणि कर काय करायचं ते, फक्त माझं नाव राहू दे, ते झालं बीएसडी किंवा एमआयटी लायसन्स. दोघंही दिलदार, पण दुसऱ्याच्या कंदावर उद्या कोणी कुंपण घालू शकतो. पहिल्याची अट टिकते ती कॉपीराइटच्याच जोरावर, म्हणजे ज्या कायद्याने कोड बंद केला त्याच कायद्याने तो उघडा ठेवायचा, यालाच कॉपीलेफ्ट म्हणतात. मला ही सगळ्या चळवळीतली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची, दुसरी जून १९९१ ची. त्याच वर्षी लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा (कर्नल), आणलं, आधी त्याच्या स्वतःच्या लायसन्सवर, ज्यात पैसे घेऊन वाटायला बंदी होती, मग १९९२ मध्ये जीपीएलवर. बर्कले विद्यापीठाची बीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम तेव्हा कोर्टकचेरीत अडकली होती, ती १९९४ ला सुटली, तोवर लिनक्स पुढे गेलं. १९९८ मध्ये नेटस्केपने ब्राउझरचा कोड खुला करायचं ठरवलं तेव्हा काही लोकांनी ओपन सोर्स हा नवा शब्द काढला, कारण स्वातंत्र्य म्हटलं की कंपन्या बिचकतात. काम पुष्कळ झालं त्याने, मान्य, पण मामाच्या लॉकचं दुखणं त्या शब्दात येत नाही असं माझं मत.

जीपीएलची २००७ ची तिसरी आवृत्ती अशा यंत्रांना आळा घालायला आली ज्यांचा कोड मिळतो पण बदललेला कोड यंत्र चालवतच नाही. टोरवाल्ड्सला ते पटलं नाही, लिनक्सचं कर्नल दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. त्याच वर्षी सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरसाठी ग्नूचं एजीपीएल आलं. आपल्या अँड्रॉइडमध्ये खाली जीपीएलचं कर्नल आणि वर बरंचसं दुसऱ्या आबांच्या जातीच्या अपाची लायसन्सचं, दोन्ही आबा एकाच खिशात.

आणि फॉन्ट. फॉन्टला जीपीएल लावलं तर तो ज्या पीडीएफमध्ये जाईल त्या पीडीएफलाही जीपीएल लागू का, असा प्रश्न आला, म्हणून कोणी जीपीएलला अपवाद जोडला आणि २००५ मध्ये वेगळं ओपन फॉन्ट लायसन्स निघालं, फॉन्ट नुसता एकटा विकू नका, बाकी वापरा, बदला, वाटा. लोहित, मुक्त असे देवनागरी फॉन्ट आज त्यावरच आहेत, त्यामुळे पत्रिका छापायला लॉक लागत नाही.

मामाच्या फायलींचं काय झालं तर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीत, आणणारा एक छोटा प्रोग्राम मिळाला, जीपीएलवालाच. त्यात आमच्या फॉन्टची काही जोडाक्षरं चुकत होती, पण कोड उघडा होता, तीन रात्री बसून तक्ता दुरुस्त केला आणि लिहिणाऱ्याला पाठवून पण दिला. गाणी निघाली. आईने मोबाईलवर वाचली आणि म्हणाली, दुसऱ्या गाण्यात एक ओळ मी तेव्हाच चुकीची टाईप केली होती, ती आता नीट कर.